घरावरचा तारा आणि काकांची वही

परवा नाताळच्या जाहिरातींसाठी वसईत, पापडीला फिरत होतो. स्टेशनरीवाले काका म्हणाले, "अहो पत्रकार, यंदा जाहिरात नको. तारे तसेच पडून आहेत. पोरं येतात, भाव विचारतात, मोबाईलवर स्वस्त बघतात अन् जातात."

मी गप्प. माझ्या घरावरचा ताराही आठवड्यापूर्वी कुरियरनेच आलाय.

२०२०च्या लॉकडाऊनमध्ये माझा पगार थांबला, तेव्हा याच काकांनी मुलीच्या वह्या उधारीवर दिल्या. "द्या सावकाश," एवढंच म्हणाले. कुठलं ॲप असं म्हणेल?

अमेरिकेत २०१० पासून थँक्सगिव्हिंगनंतरचा शनिवार छोट्या दुकानदारांसाठी पाळतात. आपल्याकडे असा दिवस नाही. पण चर्चच्या कार्यक्रमाची पावती, गणपतीची वर्गणी, शाळेच्या गॅदरिंगची बक्षिसं, यासाठी आपण आधी यांच्याच गल्ल्यासमोर उभे राहतो. आणि आमची छोटी वर्तमानपत्रं तर यांच्याच जाहिरातींवर चालतात.

ऑनलाइन बंद करा असं म्हणत नाही. मलाही जमणार नाही. निदान तारा, गोठ्याचं सामान, केकच्या मनुका तरी गावातून घ्या की!

आज काकांकडून गोठ्यातल्या मूर्ती घेतल्या. भाव केला नाही. जाहिरातीचा विषयही काढला नाही.