मैदान सुटल्यावर काय?

वाचकहो, बेसबॉल हा खेळ आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिला असेल. आपल्या विटीदांडूचा लांबचा भाऊ म्हणावा, असा हा अमेरिकेचा खेळ. एकाने चेंडू फेकायचा, दुसऱ्याने दांडक्याने टोलवायचा आणि धावत चार टप्पे गाठायचे. त्या खेळाच्या गोष्टी शेतकऱ्याने कशाला वाचाव्यात, असे आपण विचाराल. सांगतो.

माझा नातू अठरा वर्षांचा आहे. कुस्तीत अंग चांगले आहे. आयटीआय सोडून कायमचा तालमीत राहतो म्हणतो. त्याचा बाप म्हणतो, म्हैस विकेन, पण पोराचा खुराक तोडणार नाही. सूनबाई एकच विचारते, "पुढे काय?" या प्रश्नावरून घरात दोन महिने धुसफूस चालू होती. तेव्हा नातीने मला पिट्सबर्ग पायरेट्स नावाच्या जुन्या संघातील खेळाडूंच्या हकिगती वाचायला दिल्या. म्हणाली, "आजोबा, यात आपल्यासारख्याच घरची माणसं आहेत."

पिट्सबर्ग हे पेनसिल्व्हेनिया राज्यातले लोखंड-पोलादाचे शहर. 1960 साली त्यांच्या संघाने न्यूयॉर्क यांकीज या मातब्बर संघाला वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यात हरवले. अखेरचा विजयी टोला होता बिल मॅझेरोस्कीचा. हा कोळसा खाणीतल्या मजुराचा मुलगा. बापालाही खेळाडू व्हायचे होते, पण खाणीतल्या अपघातात त्याचे पाऊल गेले. मुलगा 17 वर्षे त्याच एका संघातून खेळला. 2001 साली त्याला खेळातला सर्वोच्च मान मिळाला, तेव्हा भाषण करताना त्याला इतके भरून आले की ते अर्ध्यातच आवरावे लागले.

दुसरा हार्वी हॅडिक्स, ओहायोतल्या शेतावर वाढलेला. 26 मे 1959 रोजी त्याने बारा डावांत समोरच्या 36 फलंदाजांना ओळीने बाद केले. एकालाही पहिला टप्पा गाठू दिला नाही. तरी त्याच्या बाजूलाही धाव मिळेना आणि तेराव्या डावात तो सामना हरला. हाताशी आलेले पीक गारपिटीने नेले, तर जसे वाटते तसेच ते. पण पुढच्या वर्षी त्याच सातव्या सामन्यात विजयी गोलंदाज म्हणून नाव लागले ते हॅडिक्सचे. खेळणे थांबल्यावर तो नव्या मुलांना गोलंदाजी शिकवू लागला.

मला सर्वांत आवडला तो रॉय फेस. अंगाने लहानसा. 1959 साली त्याने 18 सामने जिंकले आणि एकच हरला. हा गडी सुतारकाम जाणत होता. हंगाम संपला की हातात रंधा घ्यायचा. मैदान सुटल्यावर पिट्सबर्गजवळच्या एका सरकारी मनोरुग्णालयात त्याने बरीच वर्षे सुतार म्हणून नोकरी केली. ज्याच्या नावाने हजारो लोक टाळ्या वाजवीत, तो सकाळी हत्यारांची पेटी घेऊन कामाला जाई. त्यात त्याला कमीपणा वाटला नाही.

त्या काळी तिथला खेळाडूही मालकाशी सालगड्यासारखा बांधलेला असे. मालक सोडीपर्यंत दुसऱ्या संघात जाता येत नसे आणि पगारही बेताचा. 1975 च्या अखेरीस एका लवादाने ही बेडी तोडली, तेव्हापासून पैसा वाढला. त्याआधीच्या खेळाडूंना हिवाळ्यात दुसरे काम शोधावेच लागे.

रॉबर्टो क्लेमेंटे पोर्टो रिको बेटावरचा. बाप ऊसतोडीवरचा मुकादम. 1972 च्या हंगामाअखेर त्याचे बरोबर 3000 टोले पूर्ण झाले. त्याच डिसेंबरात निकाराग्वाच्या राजधानीत मोठा भूकंप झाला. मदतीचे सामान गरजूंपर्यंत पोचत नाही, असे कानांवर आल्यावर तो स्वतः विमानातून निघाला. 31 डिसेंबरच्या रात्री ते विमान समुद्रात कोसळले. वय अवघे 38. त्याचा देहसुद्धा सापडला नाही.

आणि याच संघाशी आपल्या देशाचेही नाते आहे. 2008 साली उत्तर प्रदेशातल्या खेड्यांतले रिंकू सिंह आणि दिनेश पटेल हे दोन भालाफेकपटू एका स्पर्धेतून निवडले गेले आणि पायरेट्सने त्यांना करारबद्ध केले. रिंकूचे वडील ट्रकचालक. दोघांनी त्याआधी बेसबॉल हातात धरला नव्हता. दिनेशला 2010 मध्ये संघाने सोडले आणि तो परत आला. रिंकूला दुखापतींनी गाठले. वरच्या मुख्य संघापर्यंत दोघेही पोचले नाहीत. पण रिंकू खचला नाही. 2018 मध्ये तो व्यावसायिक कुस्तीच्या आखाड्यात उतरला.

ह्या हकिगती मी घरात सगळ्यांना बसवून वाचून दाखवल्या. नातू रॉय फेसपाशी थांबला. म्हणाला, "म्हणजे आयटीआय सोडायचं नाही, असंच ना?" मी म्हटले, "तालीमही सोडायची नाही." आता तो पहाटे जोर-बैठका काढून वायरमनच्या वर्गाला जातो. म्हैस दावणीलाच आहे आणि तिचे दूध खुराकाला लागते.

मायबापहो, मुलाच्या अंगात खेळ असेल तर त्याला जरूर खेळू द्या. पण जाणता शेतकरी सगळे रान एकाच पिकाखाली घालत नाही. खेळाडूचे अंग पस्तिशी-चाळिशीपर्यंत साथ देते. संसार त्यापुढेही तीस-चाळीस वर्षे ओढायचा असतो. म्हणून मुलगा असो की मुलगी, मैदानाबरोबर हाताला एखादे कसब लावून द्या. पदक आले तर गावात मिरवणूक काढू. नाही आले तरी त्या लेकराला घरी मान खाली घालून यावे लागू नये, एवढी तजवीज आईबापांच्या हातात आहे.