खोट्या नांवाचा विजय

बरोबरीच्या गड्याशीं झुंजून पदरीं आलेली हारही गोड लागते, असें आम्ही मानीत आलों आहों. 'डोटा २' सारख्या संगणकावरील खेळांत याची तजवीज यंत्रच करतें. पूर्वीच्या हारजितींवरून गुण ठरवून तें समबळांची जोड लावतें. परंतु कांहीं पटाईत मंडळी नवें खातें उघडून नवशिक्यांत शिरतात. पहिल्या कांहीं डावांत तरी यंत्र बिचारें खातें ओळखतें, हात ओळखीत नाहीं!

यांना 'स्मर्फ' म्हणतात. 'वॉरक्राफ्ट २' मधील दोघां निष्णातांशीं खेळावयास कोणी धजेना. तेव्हां १९९६ च्या सुमारास त्यांनीं चित्रकथेंतील ठेंगू निळ्या पात्रांचीं नांवें धारण केलीं, त्यावरून हा शब्द पडला. बलाढ्यांचें एकटेपण आम्हांस समजतें. पण त्याची किंमत दुबळ्यानें कां द्यावी? आमचा पुतण्या असाच एक सामना हरून उठला, तो "मला हें जमायचें नाहीं" असें म्हणत. समोर मुरलेला गडी होता, हें त्यास मागाहून कळलें.

सप्टेंबर २०२३ मध्यें 'डोटा २' च्या चालकांनीं अशीं ९०,००० खातीं कायमचीं बंद केलीं, हें योग्यच झालें. पराभव हा उत्तम गुरु खरा. पण आपण कोणाकडून हरलों हें शिष्यास कळलें पाहिजे. एरव्हीं तो खेळ शिकत नाहीं, निराशा मात्र शिकतो.