हातांना आठवणारं विमान

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडच्या हवाई तळावर मिग-२१ला निरोप दिला गेला. १९६३ साली याच तळावर ते भारतीय हवाई दलात दाखल झालं होतं. बासष्ट वर्षांच्या या सेवेच्या निमित्तानं १९७१च्या आणि कारगिलच्या लढाईची उजळणी झाली, वैमानिकांच्या शौर्याच्या गोष्टी पुन्हा सांगितल्या गेल्या. ते योग्यच झालं. पण ज्यांनी हे विमान रोज उघडलं, तपासलं, पुन्हा जोडलं आणि मगच आकाशाच्या हवाली केलं, त्या ग्राउंड क्रूच्या हातातलं मिग-२१ या गोष्टींमध्ये क्वचितच दिसलं. वैमानिक विमान ताब्यात घेतो ते तासा-दीड तासासाठी. दिवसाचा उरलेला सगळा वेळ ते जमिनीवरच्या माणसांचं असतं. म्हणूनच निवृत्त फिटरच्या आठवणींना उतारवयातला विरंगुळा समजणं मला चुकीचं वाटतं. लढाऊ विमानाच्या इतिहासाचा तो अर्धा भाग आहे, आणि तो लिहून घेतला नाही तर आपल्याकडे फक्त उड्डाणांचा इतिहास उरेल, विमानाचा नाही.

या आठवणी कशाच्या बनलेल्या असतात ते जवळ जाऊन पाहावं. लॉकिंग वायरचंच बघा. कंपनानं बोल्ट सैल होऊ नये म्हणून त्याच्या डोक्यातल्या बारीक भोकातून पोलादी तार ओवतात, तिला पीळ देतात आणि शेजारच्या बोल्टला बांधतात. तारेचा ओढा बोल्ट आवळण्याच्या दिशेनंच असायला हवा. उलटा असेल तर तार असूनही नसल्यासारखीच. पीळ कमी पडला तर तार हलते, जास्त झाला तर तुटते. नेमका किती पीळ द्यायचा ते पुस्तकात दिलेलं असतं, पण ते कळावं लागतं बोटांना, आणि तेही पुष्कळदा विमानाच्या पोटात, जिथे डोळा पोचत नाही अशा जागी. ब्रेक पॅराशूटचंही तसंच. मिग-२१ ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास वेगानं जमिनीला टेकायचं आणि शेपटीकडचा पॅराशूट उघडला की त्याचा वेग आटोक्यात यायचा. धावपट्टीच्या टोकाला सोडलेला तो पॅराशूट कुणीतरी गोळा करून आणायचं, झटकून, तपासून पुन्हा घडी घालायचं. ती घडी नीट बसली की नाही, हे पुढच्या उतरण्याच्या वेळीच कळणार. उड्डाणाआधी सुरक्षा पिना काढून, त्यांच्या लाल फिती उंच धरून वैमानिकाला दाखवल्या जातात. त्या एका क्षणात एक माणूस दुसऱ्याला न बोलता सांगत असतो की माझ्याकडून सगळं झालंय, आता तू जा.

या कामाची गंमत आणि व्यथा एकच आहे: ते उत्तम झालं तर काहीच घडत नाही. वैमानिकाच्या पराक्रमाला घटना असते, तारीख असते, साक्षीदार असतात. फिटरनं वेळीच पकडलेली गळती, टारमॅकवरून उचललेला आणि इंजिनात जाऊ न दिलेला एखादा खडा, यांची तारीख कुणी लक्षात ठेवत नाही. जे टळलं त्याचं स्मारक होत नसतं. १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरच्या तळावर पाकिस्तानच्या सेबर विमानांचा हल्ला चालू असताना फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीतसिंग सेखों यांनी नॅट विमान आकाशात नेलं आणि प्राण वेचले. हवाई दलाला मिळालेलं एकमेव परमवीरचक्र त्यांचं आहे. त्या शौर्यात दुसरं कुणीही वाटेकरी नाही. पण बॉम्ब पडत असताना विमान उडू शकलं, कारण ते आधीपासून सज्ज होतं, आणि सज्ज ठेवणारे हात थंडीत त्याच तळावर राबत होते. त्याच युद्धात भुजची धावपट्टी उखडली गेली, तेव्हा तळप्रमुख स्क्वाड्रन लीडर विजय कर्णिक यांच्या हाकेला ओ देऊन शेजारच्या माधापर गावातल्या सुमारे ३०० बायकांनी ७२ तासांत ती दुरुस्त केली. आकाशातल्या लढाईचा पाया जमिनीवर असतो, हे भुजमध्ये अक्षरशः दिसलं.

यावर कुणी म्हणेल, की हे सगळं कागदावर असतंच. प्रत्येक विमानाचा फॉर्म ७०० असतो. केलेलं काम, सापडलेला दोष, जबाबदार माणसाची सही, सारं त्यात येतं. मग माणसाच्या कच्च्या आठवणींची गरज काय? आठवण चुकते, रंग चढवते, हे खरंच आहे. तारखांसाठी कागदावरच विश्वास ठेवावा. पण काय केलं एवढंच कागद सांगतो, ते कशावरून सुचलं हे सांगत नाही. सुरू होणाऱ्या इंजिनाच्या आवाजात आज काहीतरी वेगळं आहे, हे अनुभवी कानाला आधी कळतं आणि दोषाचं नाव मागाहून मिळतं. जैसलमेरच्या उन्हात तापलेल्या पत्र्यावर काम कसं करायचं, हे कुठल्याही रकान्यात बसत नाही. कागद आणि आठवण एकमेकांना तपासतात. एकाला टाकून दुसऱ्यावर भागत नाही.

त्याहून अवघड आक्षेप आहे तो अपघातांचा. २०१२ साली संसदेत दिलेल्या माहितीनुसार ८७२ मिग विमानांपैकी ४८२ अपघातांत गेली होती आणि १७१ वैमानिक मृत्युमुखी पडले होते. कारणांमध्ये मानवी चूक होती, तसा तांत्रिक बिघाडही होता. मग जमिनीवरच्या माणसांच्या मायेचे गोडवे कशाला गायचे? हा प्रश्न टाळता येणार नाही, आणि माझ्या मते आठवणी लिहून घेण्याचं सर्वांत मोठं कारण तोच आहे. विमान परतलं नाही की त्याची कागदपत्रं सील होतात, चौकशी होते, निष्कर्ष निघतो. पण ज्यानं सकाळी पिना दाखवल्या तो आयुष्यभर स्वतःच्या हातांची उलटतपासणी करत राहतो. त्याची आठवण गौरवगाथा नसते. तिच्यात अभिमानाइतकीच टोचणी असते. सुटे भाग कसे मिळत, जुन्या यंत्राकडून किती काम घेतलं जात होतं, थकवा कुठे झाकला जात होता, हे तिथूनच कळू शकतं. असा माणूस बोलतो तेव्हा युद्धाचा उन्माद वाढत नाही. युद्धाच्या यंत्राला माणसांची किती किंमत लागते, ते समोर येतं.

आता विमानं स्वतःच आपले दोष पडद्यावर सांगतात, मग जुन्या बोटांचं शहाणपण शिकून काय करायचं, असंही विचारलं जाईल. पडद्यानं सांगितलेला बिघाड काढायला शेवटी हातच आत जातो, आणि तार अजूनही पीळ देऊनच बांधली जाते. महाराष्ट्राला तर हे परकं वाटू नये. ओझरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यानं मिग-२१ घडवलं. शेजारी, बेळगावजवळच्या सांबऱ्यात एअरमनच्या पिढ्या घडल्या. आज चौकाचौकांत चौथऱ्यावर उभ्या असलेल्या जुन्या विमानांसमोर मुलं फोटो काढतात. पाटीवर वेग असतो, उंची असते, वर्षं असतात. जे नसतं ते याच शहरांतल्या एखाद्या सत्तरीच्या माणसाकडे असतं. तो त्या विमानाशेजारून जाताना पाटी वाचत नाही. त्याची नजर आधी चाकाकडे जाते, मग पोटाखाली, जिथून तेल गळायचं तिथे. त्या नजरेला काय दिसतं, ते त्याला विचारून लिहून ठेवायला हवं, आणि ते आताच.