छेद घेण्याआधी

आमच्या ओटीत टाइम आउट फ्लोअर सिस्टर घेतात. भूल दिलेली असते, सर्जनच्या हातात ब्लेड आलेलं असतं, आणि त्या म्हणतात, "सर, थांबा." पेशंटचं नाव काय, ऑपरेशन कोणतं, बाजू कोणती, अँटिबायोटिक तासाभरात गेलंय का, रक्तस्राव किती होईल. उत्तरं तोंडी, सगळ्यांना ऐकू जातील अशी. पेशंटच्या डोक्याशी बसलेली मी, भूलतज्ज्ञ, उत्तरं देताना सर्जनच्या हाताकडे बघत असते. ब्लेड ट्रेमध्ये परत गेलं तर टाइम आउट झाला. ते तसंच धरून "हो हो, झालं" म्हटलं, तर फॉर्मवर नुसती टिक झाली.

हे प्रश्न ज्या 19 मुद्द्यांच्या यादीतले, ती जागतिक आरोग्य संघटनेनं 2008 मध्ये आणली. ती तयार करणाऱ्या गटाचे प्रमुख डॉ. अतुल गावंडे, त्यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातल्या उटीचे. दिल्लीसह आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत यादी वापरून पाहिली, तेव्हा ऑपरेशननंतरचे मृत्यू 1.5 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर आले. पुढे कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातल्या 101 रुग्णालयांचा अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. तिथं यादी लागू केल्यावर मृत्यूंत लक्षणीय फरक पडला नव्हता. मला या दोन्ही गोष्टी पटतात. फॉर्म सगळीकडे भरता येतो. पण सर्जनला थांबवायची हिंमत सिस्टरना कुठून येते, ते त्या त्या ओटीवर ठरतं.

एकदा पोट बंद करण्याआधीच्या मोजणीत रक्त टिपायचे मॉप चोवीस भरले. ते पाच-पाचच्या गठ्ठ्यात येतात, म्हणजे एक कमी. सिस्टर नवीन होत्या, सर्जन खूप सीनियर. "परत मोजा." परत चोवीस. "सर, टाका घालू नका," त्या म्हणाल्या. आवाज कापत होता. सरांनी निडल होल्डर ट्रेमध्ये ठेवला, हात घालून सगळं पोट पुन्हा चाचपलं. मावशींनी बादलीतला एकेक मॉप चिमट्यानं उचलून जमिनीवर पसरला. रक्तानं चिकटून दोनाचा एक झाला होता. पंचवीस! पाच-सात मिनिटं गेली होती आणि पोटात काहीच नव्हतं. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "सिस्टर, असंच थांबवत जा."

माझ्या मते त्या दिवसातलं सगळ्यात मोलाचं काम हेच होतं. विनाकारण थांबवल्याबद्दल त्यांना झापलं असतं, तर पुढच्या वेळी त्या गप्प बसल्या असत्या, आणि मॉप खरंच आत असला असता तर?

ट्रॉली ढकलणाऱ्या मामांसाठी त्या यादीत वेगळी ओळ नाही. पण पेशंट लिफ्टमध्ये जे मामांना सांगतो, ते मला सांगत नाही. भूल देण्याआधी सहा तास पोट रिकामं हवं, नाहीतर बेशुद्धीत उलटी होऊन अन्न फुप्फुसात जाऊ शकतं. मी विचारलं की सगळे म्हणतात, "काही नाही खाल्लं." म्हणून ट्रॉली आली की मी आधी मामांना बाजूला घेते. मध्ये एका हर्नियाच्या पेशंटबद्दल ते हळूच म्हणाले, "मॅडम, त्यांनी आठ वाजता पोहे खाल्लेत. घरच्यांनीच आणले होते." केस दुपारनंतर घेतली. नातेवाईक चिडले, कोणी सांगितलं म्हणून विचारू लागले. सर्जन स्वतः बाहेर गेले, धोका समजावला, आणि मामांचं नाव काही सांगितलं नाही.