टपावरची नाव

मैत्रिणींनो, १९९९ साली परभणीतून वेगळा झालेला आमचा हिंगोली जिल्हा म्हणजे नुसतं कोरडं रान नव्हे हं! औंढ्याला नागनाथाचं दर्शन आटोपलं की पूर्णेवरचं सिद्धेश्वर धरण जरूर पाहा. घरची मंडळी मोटारीच्या टपावर कयाक, म्हणजे वल्ह्याची अरुंद नाव, आणणार असतील तर एवढं बजावाच: नाव पालथी ठेवा, कॅरिअरला दोन पट्ट्यांनी आवळा, पुढचं-मागचं टोक गाडीला वेगळं बांधा. नायलॉनची दोरी ताणानं सैल पडते. थोडं अंतर गेल्यावर उतरून गाठी चाचपा. सुटलेली नाव मागून मोटारसायकलवर येणाऱ्या एखाद्या लेकुरवाळीवर आदळायची! पाण्यात उतरण्याआधी धरणावर परवानगी विचारा आणि लाइफ जॅकेट घालायला विसरू नका.