पिशवीतली तिथी

मार्गशीर्षातली पहाट. माथेरानच्या डोंगरावरून उतरलेला गारठा कर्जतभर पसरलाय. पिशवी भरताना हात आपसूक शालीकडे गेला आणि हसू आलं. उद्या अलिबागला हिचं ओझंच होणार. समुद्र तिथली रात्र कोमट ठेवतो. पेण सुटलं की स्वेटर मांडीवर येतो, हे दरवर्षीचंच.

दोन सुती जोड, पंचा, रबरी चपला, ओल्या कपड्यांना प्लॅस्टिकची पिशवी. बस्स. खरी तयारी भिंतीवरच्या कॅलेंडरात: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. उद्या अष्टमी, सहाला भरती, बाराच्या सुमारास ओहोटी. कुलाबा किल्ल्यात चालत जाता येईल.

शाल शेवटी घेतलीच. परतताना खालापूरला थंडी वाट बघत असते.