गाडीचा पल्ला आणि देहाचा पल्ला

वलगावसारख्या गावात दवाखाना चालवताना औषधांइतकेच प्रवासाविषयीचे प्रश्न कानी येतात. मुले पुण्या-मुंबईस, मोठ्या तपासण्या नागपुरास आणि वृद्ध आईवडील इकडे पेढीच्या काठी. त्यामुळे वर्षातून दोन-तीनदा लांबचा प्रवास चुकत नाही. अलीकडे या प्रश्नांत एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. “डॉक्टरसाहेब, मुलानं बॅटरीवरची गाडी घेतली. बाबांना तिच्यातून पुण्याला न्यावं, की पेट्रोलची गाडी भाड्यानं करावी?”

प्रश्न यंत्राचा वाटतो. पण त्याचे निम्मे उत्तर वैद्यकाकडे आहे. एका चार्जिंगमध्ये गाडी किती किलोमीटर धावते, याचीच चर्चा सर्वत्र चालते. पंच्याहत्तरीच्या प्रवाशाच्या बाबतीत त्याआधी विचारावयास हवे, की त्यांचा देह न थांबता किती जातो?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ मधील अहवालानुसार चार तास वा त्याहून अधिक काळ बसून प्रवास केल्यास शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका सुमारे दुपटीने वाढतो. हे विमानाइतकेच मोटार, बस व रेल्वेलाही लागू आहे. निरोगी माणसात हा धोका मुळात अल्प असतो. परंतु वाढते वय, कर्करोग, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा पूर्वी झालेली गुठळी असल्यास तो दुर्लक्षिण्याजोगा राहत नाही. त्यात आपल्याकडे एक घातक सवय आहे. वाटेत लघवीला थांबावे लागू नये म्हणून वृद्ध माणसे पाणी पीत नाहीत, आणि लघवीची गोळी परस्पर टाळतात. वऱ्हाडातील उन्हाळ्यात याचा परिणाम म्हणजे चक्कर, गोंधळलेले मन आणि मूत्रपिंडावर ताण.

पेट्रोलच्या गाडीची सोय ही की टाकी पाच मिनिटांत भरते. आणि तिचा दोषही नेमका हाच. चालवणाऱ्याला थांबण्याचे कारणच उरत नाही. समृद्धी महामार्गावर ताशी १२० किलोमीटरची मुभा मिळाल्यावर तर “आता थेट शिर्डीलाच थांबू” असा उत्साह चढतो, आणि मागच्या आसनावरील आजी संकोचाने गप्प राहते.

आता हिशेब मांडू. वलगावहून पुणे सुमारे ५९० किलोमीटर. कागदावर साडेचारशेचा पल्ला सांगणारी गाडी वातानुकूलन सुरू ठेवून बऱ्याचदा तीनशेच्या आसपास जाते. पूर्ण चार्ज करून निघालो आणि बॅटरी वीस टक्क्यांवर आली की थांबायचे ठरवले, तर पहिला टप्पा २४० किलोमीटरचा. पुढे प्रत्येक वेळी ऐंशी टक्क्यांपर्यंतच भरावे, कारण त्यानंतर चार्जिंग मंदावते. म्हणजे १८० किलोमीटरचे आणखी दोन टप्पे. एकूण दोन मोठे थांबे, प्रत्येकी पाऊण ते एक तासाचे. ज्येष्ठांना जेवण, औषध व चालणे यांसाठी एवढा वेळ द्यावाच लागतो. मात्र चार्जिंगच्या थांब्यांवरच विसंबू नये. मध्येही दर दोन तासांनी पाच-दहा मिनिटे उतरावे.

माझ्या भावाच्या इलेक्ट्रिक गाडीतून आईला पुण्यास नेले, तेव्हा पोहोचायला आमच्या पेट्रोलच्या गाडीपेक्षा दीड तास अधिक लागला. उतरल्यावर आई म्हणाली, “थांबत थांबत आलो, तं आंग नाही दुखलं.” इंजिनची थरथर व आवाज नसल्याचाही त्यात वाटा असावा.

परंतु दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ताशी १२० च्या वेगाने बॅटरी झपाट्याने उतरते; ९० च्या आसपास ठेवल्यास पल्ला वाढतो. कडक उन्हात बॅटरी तापली तर चार्जिंग मंदावू शकते. केंद्रावर यंत्र बंद असणे किंवा पुढे दोन गाड्या असणे, हेही घडते. म्हणून प्रत्येक थांब्यासाठी पर्यायी केंद्र आधीच पाहून ठेवावे, आणि निघण्यापूर्वी यंत्र सुरू असल्याची खात्री करून घ्यावी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तेथे स्वच्छ, शक्यतो कमोडचे शौचालय, सावली आणि पाठ टेकता येईल अशी खुर्ची आहे का, हे विचारावे. वेगवान चार्जर आहे पण शौचालय नाही, असे ठिकाण आजीच्या उपयोगाचे नाही.

मळमळीचा त्रास असणाऱ्यांसाठी एक सूचना. इलेक्ट्रिक गाडीत ॲक्सिलरेटरवरून पाय उचलताच वेग एकदम घटतो व थोडी वीज बॅटरीत परत जाते. चिखलदऱ्याचा घाट उतरताना हे लाभाचे असले, तरी सतत बसणाऱ्या हिसक्यांनी काहींना उमळून येते. ही क्षमता बहुतेक गाड्यांत कमी करता येते. चालवणाऱ्याने ती कमी करावी, आणि रुग्णाला पुढच्या आसनावर बसवावे.

पेसमेकर असलेल्यांची भीती मी अनेकदा ऐकतो. म्युनिक येथील डॉक्टरांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पेसमेकर वा तत्सम यंत्र बसवलेल्या १०८ रुग्णांना चार इलेक्ट्रिक गाड्यांत बसवून व गाडी चार्ज करावयास लावून तपासले. कोणाच्याही यंत्रात बिघाड आढळला नाही. तरीही चार्जिंग सुरू असताना केबलला टेकून उभे राहू नये.

मग पेट्रोलची गाडी केव्हा? घरी चार्जिंगची सोय नसेल, मार्गावर भरवशाची केंद्रे नसतील, किंवा डायलिसिस वा शस्त्रक्रियेची ठरलेली वेळ गाठायची असेल, तर निःसंकोच पेट्रोलचीच घ्यावी. थांबे मात्र आपण होऊन ठरवावेत. आणि छातीत कळ, तोंड वाकडे होणे, धाप लागणे अशा प्रसंगी दोन्ही गाड्यांचा विचार सोडून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

गाडी कोणतीही असो, इन्शुलिन बंद गाडीत ठेवू नये, लघवीच्या गोळीची वेळ डॉक्टरांना विचारूनच बदलावी, आणि बसल्या जागी दर अर्ध्या तासाने घोटे वर-खाली हलवावेत. निघण्याच्या आदल्या रात्री नकाशा उघडाल, तेव्हा आईवडिलांना शेजारी बसवा आणि कुठे कुठे थांबायचे, हे प्रथम त्यांना विचारा. चार्जिंगचे केंद्र किंवा पेट्रोलपंप त्यानंतर शोधा.